लठ्ठपणा, चरबी आणि दमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की दम्याचे प्रश्न येतात आणि चतुर्थी सरली की वजनाचे. पुष्कळदा विचारणारी माणसे तीच असतात. शरीरातली चरबी आणि श्वासनलिका यांचा संबंध नेमका काय, हे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या लोकांनी इतक्यांदा विचारले आहे की ती उत्तरे एका ठिकाणी मांडणे बरे. ही सगळी माहिती आहे, औषधाची चिठ्ठी नाही. आणि एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही छाती मोकळी होत नसेल, तर वाचत बसू नका, 108 ला फोन करा.

1. मला दमा आहे आणि वजनही जास्त आहे. म्हणजे वजनामुळेच दमा झाला का?

दरवेळी नाही. साधारण दोन गट दिसतात. एका गटात दमा लहानपणापासूनचा असतो. सोबत शिंका, वाहणारे नाक, धुळीची किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी असते. वजन नंतर वाढते आणि आधीच असलेला दमा बिघडवते. दुसऱ्या गटात चाळिशीच्या आसपास, जास्त करून बायकांमध्ये, अ‍ॅलर्जीचा मागमूस नसताना दमा सुरू होतो आणि वजन त्याच्या आधीपासून वाढलेले असते. चरबीच्या रसायनाबद्दल पुढे जे लिहिले आहे ते या दुसऱ्या गटाला जास्त लागू पडते.

गाडी उलट्या दिशेनेही जाते. धाप लागते म्हणून चालणे सुटते, झटका आला की स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि वजन वाढते. अशा माणसाला कारण कुठले आणि परिणाम कुठला हे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही.

2. जिना चढताना धाप लागते. ही धाप वजनाची की दम्याची, हे ओळखायचे कसे?

पोटातली चरबी श्वासपटलाला खालून वर रेटते. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जेवढी हवा शिल्लक राहायला हवी तेवढी राहत नाही, आणि माणूस सदैव कमी फुगलेल्या फुफ्फुसांनी श्वास घेत राहतो. फुफ्फुस हवेने ताणलेले असले की त्यातल्या नळ्याही ताणून रुंद राहतात. हा ताण गेला की त्या आकसतात आणि तळाकडच्या बारीक नळ्या तर मिटूनच जातात. म्हणून दमा नसतानाही नुसत्या वजनाने धाप लागू शकते.

दमा ओळखू येतो तो बदलावरून. आज बरे, उद्या वाईट. पहाटे खोकला, झाडलोट केली की छातीत शीळ, पंप घेतला की सुटका. खात्री करायची तर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसाची हवा मोजण्याची तपासणी, करावी. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा पंप दिल्यानंतर 12 टक्क्यांनी आणि किमान 200 मिलिलिटरने वाढली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. निव्वळ लठ्ठपणात हा आकडा आणि फुफ्फुसातून बाहेर पडणारी एकूण हवा हे दोन्ही सहसा सोबतच घटतात, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर ठीक राहते.

कॅनडात डॉक्टरांनी 'दमा' सांगितलेल्या लोकांची पुन्हा नीट तपासणी केली, तेव्हा जवळपास एकतृतीयांश लोकांत दमा सापडलाच नाही. हा घोळ लठ्ठ आणि सडपातळ दोघांतही जवळपास सारखाच होता. तपासणी न करता वर्षानुवर्षे पंप ओढणारे लोक मी बघतो, तसेच 'वजन आहे हो तुमचे' एवढ्यावर परत पाठवलेलेही बघतो. दुसऱ्या प्रकाराचा मला जास्त राग येतो. वजन दिसते म्हणून छातीला स्टेथोस्कोप लावायचाच नाही, हे काही बरोबर नाही.

3. माझे वजन फार नाही, नुसते पोट सुटले आहे. मलाही हे लागू होते का?

होऊ शकते. जागतिक मोजपट्टीत बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 30 झाला की लठ्ठपणा म्हणतात. भारतीयांसाठी 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरण्याची शिफारस आहे, कारण आपली चरबी कमी वजनातही पोटात साठते. कमरेसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही सीमा. मापाची टेप बेंबीजवळ लावून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या तीनपैकी एकीहून अधिक बायकांचा बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त आढळला आहे, तेव्हा हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही.

4. लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉलच ना? त्याचे फुफ्फुसात काय काम?

लॅबच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे येतात, म्हणून लिपिड म्हणजे तेवढेच आणि ते वाईटच असा समज झाला आहे. वास्तविक चरबीशिवाय एकही श्वास घेता येणार नाही.

फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा पातळ थर असतो. त्याचा सुमारे 90 टक्के भाग लिपिडांचा, उरलेला प्रथिनांचा. हा थर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. तो नसता तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तशा हवेच्या पिशव्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक नळ्या चिकटल्या असत्या. वजन जास्त असलेल्या दमेकऱ्यांच्या फुफ्फुसातून घेतलेल्या द्रवात सर्फॅक्टंटमधले 'ए' नावाचे प्रथिन कमी आढळले आहे. हे प्रथिन दाह आवरण्याचे काम करते.

दुसरे काम निरोपाचे. प्रत्येक पेशीच्या आवरणात अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल नावाचे मेदाम्ल अडकवून ठेवलेले असते. अ‍ॅलर्जी, जंतू, थंड हवा असे काही घडले की पेशी ते सोडवून घेतात आणि त्यापासून ल्यूकोट्रायीन व प्रोस्टाग्लँडिन बनवतात. ल्यूकोट्रायीन श्वासनलिकेचा स्नायू आवळतात, सूज आणतात, कफ वाढवतात. प्रोस्टाग्लँडिन आणि तत्सम पदार्थांवरच्या संशोधनासाठी स्वीडनचे बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन व इंग्लंडचे व्हेन यांना 1982 साली नोबेल मिळाले. ल्यूकोट्रायीनचा शोध सॅम्युएल्सन यांच्याच प्रयोगशाळेतला.

याच मेदाम्लांपासून दाह निववणारे पदार्थही बनतात. त्यांतला लायपॉक्सिन हा पदार्थ तीव्र दम्यात कमी पडतो असे दिसले आहे. आग लावणारे आणि विझवणारे, दोन्ही एकाच घरातले. तोल कुणीकडे झुकतो त्यावर छातीचे हाल ठरतात.

5. पोटावरची चरबी छातीत कशी पोचते?

चरबी स्वतः चालत जात नाही, तिचे रस जातात. चरबीची पेशी ही नुसती साठवणीची जागा असे पूर्वी धरायचे. आता ती हार्मोन सोडणारी ग्रंथी मानली जाते.

पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांच्यात मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी शिरतात. लेप्टिन वाढते, ते दाह भडकवते. अ‍ॅडिपोनेक्टिन घटते, जे दाह शमवते. इंटरल्यूकिन-6 रक्तात वाढते, आणि ज्या दमेकऱ्यांत ते वाढलेले असते त्यांचा दमा अधिक तीव्र असतो, झटकेही जास्त येतात, असे अमेरिकेतल्या अभ्यासात 2016 मध्ये दिसले.

त्यात इन्शुलिनचा गोंधळ भर घालतो. चरबी पेशीत कुलूपबंद ठेवणे हे इन्शुलिनचे एक काम. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की कुलूप सैल पडते आणि सुटी मेदाम्ले रक्तात गळत राहतात. श्वासनलिकेच्या स्नायूंवर या मेदाम्लांना ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. लांब साखळीची मेदाम्ले तिथे बसली की स्नायू जास्त जोराने आकसतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पामिटिक आम्लासारखी संपृक्त मेदाम्ले रोगप्रतिकारक पेशींना जंतू आल्यासारखा इशारा देतात. त्या इशाऱ्याने न्यूट्रोफिल नावाच्या पेशी गोळा होतात. अ‍ॅलर्जीच्या दम्यातल्या इओसिनोफिल पेशी वेगळ्या. हा फरक लक्षात ठेवा, प्रश्न 11 मध्ये लागेल.

चरबी अगदी श्वासनलिकेच्या भिंतीतही सापडली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मृत्यूनंतर दान केलेल्या 52 जणांच्या फुफ्फुसांची तपासणी झाली, ती 2019 साली प्रसिद्ध झाली. मोठ्या श्वासनलिकांच्या बाहेरच्या थरात चरबीच्या पेशी होत्या. बीएमआय जितका जास्त तितकी ती चरबी जास्त, भिंत जाड आणि दाहाच्या पेशीही अधिक. दमा नसलेल्यांतही ती होती, तेव्हा एवढ्यावरून दमा होतो असे म्हणता येत नाही.

6. माझा लिपिड प्रोफाइल नॉर्मल आहे. मग चरबीचा प्रश्न मिटला ना?

मिटला नाही. रक्तातले कोलेस्टेरॉल हे हृदयाच्या धोक्यासाठी मोजतात. प्रश्न 4 आणि 5 मधल्या घडामोडी पेशींच्या आवरणात आणि पोटातल्या चरबीत चालतात, त्या या रिपोर्टवर उमटतीलच असे नाही. दम्यासाठी मुद्दाम लिपिड प्रोफाइल करून घ्यायला मी सांगत नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सुमारे 18 हजार शाळकरी मुलांच्या पाहणीत दमा आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड यांचा संबंध आढळला, तोही वजनाचा परिणाम वेगळा काढल्यावर. म्हणजे काटा सांगतो त्याहून चयापचयाचा बिघाड आधी सुरू झालेला असू शकतो. मूल बारीक आहे पण मानेच्या घडीवर काळपट मखमली त्वचा दिसते, घरात मधुमेह आहे, दमाही आहे, असे असेल तर बालरोगतज्ज्ञांना साखर आणि ट्रायग्लिसराइड बघायला सांगा.

7. एका जड जेवणानेही दमा वाढतो का? की हा भ्रम?

भ्रम म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथल्या संशोधकांनी 2011 मध्ये दमेकऱ्यांना बर्गर आणि तळलेल्या बटाट्याचे जेवण दिले, सुमारे 60 ग्रॅम फॅटचे. चार तासांनी त्यांच्या कफात न्यूट्रोफिल पेशी वाढल्या होत्या आणि पंपाने मिळणारा आराम हलके जेवलेल्यांपेक्षा कमी होता. तुलनेचे जेवण फॅटमध्येही हलके होते आणि कॅलरीतही, त्यामुळे सगळा दोष फॅटवर टाकण्याआधी थोडे थांबायला हवे. तरी सकाळी मिरची-भजी, दुपारी चोरीस-पाव (गोव्याचे सॉसेज घातलेला पाव) आणि संध्याकाळी बेकरीतले पॅटिस अशा दिवशी रात्री पंप कमी लागू पडतो असे कोणी सांगितले, तर मी त्यावर विश्वास ठेवतो.

जेवणानंतर आडवे झाल्यावरच धाप लागत असेल तर कारण निराळे असू शकते. पोटातले आम्ल वर येणे आणि झोपेत श्वास अडकणे हे दोन्ही लठ्ठपणात वाढतात आणि दोन्ही दम्याचे सोंग घेतात. घोरणे, सकाळी डोके जड, दिवसा पेंग, असे असेल तर झोपेची तपासणी करावी.

8. आम्ही जन्मभर नारळ खातो. आता खोबरे बंद करायचे का?

हुमणात (माशाच्या आमटीत) वाटलेला नारळ बंद करायला मी कुणाला सांगत नाही, आणि सांगितले तरी कोण ऐकणार? खोबरेल तेलातली सुमारे 90 टक्के मेदाम्ले संपृक्त असतात हे खरे. त्यातले निम्मे लॉरिक आम्ल, आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. तेव्हा रोज खोबरेलातच तळणे हृदयासाठी चांगले नाही. पण प्रश्न 7 मधला प्रयोग खोबऱ्यावर झालेला नाही आणि त्याचा निष्कर्ष आपल्या आमटीला जसाच्या तसा चिकटवणे चुकीचे.

माझे बोट वेगळ्या ठिकाणी आहे. बेकरीचे पदार्थ, फरसाण आणि परत परत तापवलेले तळणीचे तेल. पामतेलात पामिटिक आम्ल भरपूर असते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर देशात जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ती चांगली गोष्ट, पण कढईत काळे पडलेले तेल काही त्या मर्यादेत मोजले जात नाही. पदेराची (पाववाल्याची) पोळी, म्हणजे गोव्याचा पोकळ पाव, तीही कोंड्याची, बिस्किटांपेक्षा केव्हाही बरी. कोंड्यातले आणि भाज्यांतले तंतू आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्ले बनवतात. ही मेदाम्ले दाह कमी करण्याच्या बाजूची.

9. बांगडे-तारले खाल्ले तर दमा कमी होईल का? की फार्मसीतून ओमेगा-3 च्या कॅप्सूल घ्याव्यात?

बांगडा आणि तारले हे तेलकट मासे, त्यांच्यात ओमेगा-3 मेदाम्ले चांगली असतात. ही मेदाम्ले पेशीच्या आवरणात अ‍ॅरॅकिडॉनिक आम्लाची जागा घेतात आणि दाह शमवणारे पदार्थ बनवायला कच्चा माल देतात. तर्क सुंदर आहे. प्रयोगाने मात्र साथ दिली नाही. वजन जास्त असलेल्या आणि दमा आटोक्यात नसलेल्या 12 ते 25 वर्षांच्या मुलामुलींना अमेरिकेत रोज 4 ग्रॅम माशाचे तेल सहा महिने दिले, तरी दमा सुधारला नाही.

म्हणून दम्यासाठी कॅप्सूलवर पैसे घालू नका. मासे जरूर खा, शक्यतो हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. रवा लावून तेलात बुडवून तळलेला बांगडा ओमेगा-3 सोबत बरेच काही घेऊन येतो. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते तेव्हा खारे-सुके वाढते. त्यात मीठ फार, रक्तदाब असलेल्यांनी बेताने घ्यावे.

10. फॅटने दमा वाढतो म्हणता, मग कीटो डाएटने तो कमी होतो असे कसे वाचायला मिळते?

प्रश्न चांगला आहे, कारण दोन्ही खरे असू शकते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की अ‍ॅलर्जीच्या दम्यातल्या काही रोगप्रतिकारक पेशी वेगाने वाढताना बाहेरची मेदाम्ले ओढून घेतात, थेंबांच्या रूपात साठवतात आणि त्यातून नवी आवरणे बांधतात. कीटो, म्हणजे पिष्ट फार कमी आणि फॅट जास्त अशा आहाराने शरीर चरबी जाळायला लागले की या पेशींचा पुरवठा तुटला आणि दाह घटला. हे सगळे उंदरांमध्ये, आणि अ‍ॅलर्जीच्या दाहात. प्रश्न 1 मधल्या दुसऱ्या गटाचा दाह निराळा. मधुमेहाच्या काही गोळ्या घेत असाल तर कीटो धोक्याचा ठरू शकतो, त्यामुळे मनाने सुरू करू नका.

11. पंप रोज घेते, तरी फरक पडत नाही. माझ्या चुलतभावाला त्याच पंपाने बरे वाटते. असे का?

आधी पंप कसा घेता ते दाखवा. खरेच, कुठल्याही रसायनाच्या आधी मी हेच बघतो. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरता का, श्वास सावकाश घेता का, नंतर दहा सेकंद रोखता का. डोस शिल्लक नसलेला पंप महिनाभर ओढणारेही असतात.

तंत्र ठीक असेल तर मग कारण दाहाच्या जातीत असते. पंपातले स्टिरॉइड इओसिनोफिलच्या दाहावर उत्तम चालते, न्यूट्रोफिलच्या दाहावर तितके नाही, आणि आकसलेल्या फुफ्फुसाच्या यांत्रिक अडचणीवर तर अजिबात नाही. 2006 मध्ये जुन्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा बीएमआय वाढेल तसा पंपातल्या स्टिरॉइडचा गुण घटताना दिसला. म्हणून चुलतभावाला लागू पडते ते तुम्हाला तेवढेच पडेल असे नाही.

याचा अर्थ पंप सोडायचा असा अजिबात नाही. गुण कमी मिळतो, शून्य नाही, आणि झटक्यापासूनचे संरक्षण त्यानेच मिळते. नुसता निळा पंप (तात्पुरता आराम देणारा) गरजेपुरता घेऊन दिवस काढणे 2019 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही नको म्हटले आहे. उपाय असा की डोस डोळे झाकून वाढवत न नेता इओसिनोफिल मोजावे, नाक, आम्ल, झोप तपासावी आणि मग ठरवावे. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी केली असेल तर एक सावधगिरी: लठ्ठपणात हा आकडा कमी येऊ शकतो, त्यावरून दाह नाही असा निष्कर्ष काढू नये.

12. पंपातल्या स्टिरॉइडनेच माझे वजन वाढले आहे ना?

नेहमीच्या डोसमध्ये तसे होत नाही, औषध छातीतच राहते आणि रक्तात फार थोडे जाते. वजन आणि साखर वाढवतात त्या गोळ्या, म्हणजे झटक्याला दिलेले प्रेडनिसोलोन. वर्षातून तीन-चार वेळा असा कोर्स होत असेल तर परिणाम दिसतो. आणि पंप टाळला की झटके येतात, झटक्याला गोळ्या लागतात. वजनाच्या भीतीने पंप सोडणारा माणूस वजन वाढवणाऱ्या औषधाकडेच चालत जातो.

13. पंपाऐवजी माँटेलुकास्टची गोळी चालेल का?

प्रश्न 4 मधल्या ल्यूकोट्रायीनचा मार्ग ही गोळी अडवते. प्रश्न 11 मधल्या त्याच तपासणीत तिचा गुण बीएमआयप्रमाणे घटला नाही, पण एकूण ताकद पंपापेक्षा कमीच. पंपाच्या जोडीला ठीक, बदली म्हणून नाही. झोप बिघडणे, वाईट स्वप्ने, चिडचिड, निराशा असे काही दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला आहे.

14. किती वजन उतरवले की छातीला फरक जाणवतो?

शरीराच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत दहा आठवड्यांत एवढे वजन उतरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा दमा जाणवण्याइतका आटोक्यात आला. म्हणजे 80 किलोच्या माणसाने 4 ते 8 किलो. 'आधी साठ किलोवर या, मग बघू' असे कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

आहाराशिवाय नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही. पण व्यायामाने इन्शुलिनचे काम सुधारते, म्हणून तो सोडू नये. पावसाळ्यात बाहेर चालणे होत नाही आणि घरात बुरशी असते, तेव्हा ओल धरलेल्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारण्यापेक्षा बाजाराच्या छपराखाली चाललेले बरे. चालण्याआधी पंप घ्यायचा का ते विचारून ठेवा.

15. पोटाची शस्त्रक्रिया किंवा वजनाची नवी इंजेक्शने घेतली तर दमा जाईल का?

शस्त्रक्रियेबद्दल ठोस माहिती आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दम्याचे नियंत्रण सुधारले. पण श्वासनलिकांची चिडखोरी कमी झाली ती आयजीई (अॅलर्जीत वाढणारे रक्तातले प्रथिन) कमी असलेल्यांत, म्हणजे अ‍ॅलर्जी नसलेल्या गटात. अ‍ॅलर्जीचा दमा वजन उतरल्यावर सुसह्य होतो, पण मुळातून जात नाही.

टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने 2025 मध्ये भारतात आली. मधुमेह आणि दमा दोन्ही असलेल्यांच्या अमेरिकेतल्या जुन्या नोंदींमध्ये या जातीची औषधे घेणाऱ्यांना दम्याचे झटके कमी आलेले दिसतात. नोंदी म्हणजे चाचणी नव्हे. दम्याचे औषध म्हणून त्यांना मान्यता नाही, आणि मैत्रिणीने घेतले म्हणून फार्मसीतून आणण्याची ही गोष्ट नाही.

16. कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, चालू आहे. दम्याला फायदा की तोटा?

तोट्याची काळजी नको. प्रयोगशाळेत स्टॅटिनने दाह कमी होताना दिसतो, म्हणून दम्यातही चाचण्या झाल्या, पण भरवशाचा फायदा मिळाला नाही. हृदयासाठी दिली आहे तर चालू ठेवा.

17. थंडी-खोकल्याला थोडी फेणी चांगली असे घरातले म्हणतात. दम्यात चालेल का?

नको. दारूने ट्रायग्लिसराइड वाढते, कॅलरी वाढतात, झोपेत घसा सैल पडून श्वास जास्त अडकतो, आणि काहींना पेल्यानंतर थोड्याच वेळात नाक बंद होऊन शीळ सुरू होते. हुर्राकही (काजूची पहिल्या धारेची दारू) त्यातच आली, लिमका घातली तरी. नाक बंद होऊन शीळ सुरू होण्याची तक्रार असेल तर पुढचा प्रश्न वाचाच.

18. अंगदुखीची गोळी घेतल्यावर धाप लागली. योगायोग की काही वेगळे?

योगायोग समजू नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या अ‍ॅरॅकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनण्याचा रस्ता बंद करतात. काही दमेकऱ्यांत, विशेषतः नाकात पॉलिप असलेल्यांत, तोल ल्यूकोट्रायीनकडे ढळतो आणि अर्ध्या ते तीन तासांत जोराचा झटका येतो. वजन जास्त असो वा नसो. गोळीचे नाव लिहून ठेवा आणि दात काढायला गेलात तरी सांगा. कॉम्बिफ्लामसारख्या जोडगोळ्यांत आयबुप्रोफेन असते हे पुष्कळांना माहीत नसते. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालते.

19. आमच्या घरात आजीपासून सगळ्यांना दमा. चरबीचे हे सगळे आनुवंशिकही असते का?

काही अंशी. 2007 मध्ये 17 व्या गुणसूत्रावरची एक जागा बालदम्याशी जोडलेली आढळली. तिथले ओआरएमडीएल3 नावाचे जनुक स्फिंगोलिपिड या लिपिडांच्या उत्पादनाला लगाम घालते. उंदरांत हे उत्पादन कमी केले तेव्हा दाह नसतानाही श्वासनलिका चिडखोर झाल्या. म्हणजे लठ्ठपणा नसलेल्या मुलातही लिपिडांचा दम्याशी संबंध असू शकतो. या जनुकाची चाचणी करून उपचार बदलत नाहीत, त्यामुळे ती करून घेण्याची गरज नाही.

20. वजन उतरले, दमाही शांत आहे. आता पंप बंद करू का?

एकदम नाही. दोन-तीन महिने लक्षणे नसतील, रात्रीची झोप मोडत नसेल आणि स्पायरोमेट्री चांगली असेल तर डॉक्टर डोस एकेक पायरीने उतरवतात. सर्दी-ताप असताना, प्रवासाला निघताना किंवा गरोदरपणात ही पायरी उतरत नाहीत. मी तरी जूनच्या तोंडावर उतरवत नाही, सप्टेंबर सरू देतो. आणि दमा लहानपणापासूनचा असेल तर वजन कितीही उतरले तरी एक पंप घरात ठेवावा, मुदतीची तारीख बघून.